पाठ दुखते, मग लघवी कशाला तपासायची?

प्रश्न : माझ्या याडीचं (आईचं) वय ५८. आठ-नऊ महिन्यांपासून तिची पाठ आणि बरगड्या दुखतात. उभं आयुष्य डोक्यावर ओझी वाहण्यात आणि ऊसतोडीत गेलं, तेव्हा झीज झाली असेल असं आम्हीही समजलो आणि डॉक्टरही. सुया-गोळ्यांनी तेवढ्यापुरता आराम पडायचा. मध्ये रक्त ७.८ निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. मग किडनीचा रिपोर्ट बिघडला. आता नागपूरच्या डॉक्टरांना मल्टिपल मायलोमाची शंका आहे. त्यांनी चोवीस तासांची लघवी, इलेक्ट्रोफोरेसिस नावाची रक्ताची तपासणी आणि कमरेच्या हाडातला मगज तपासायला सांगितला आहे. दुखतो मणका, मग लघवीत काय शोधतात? आणि इतक्या तपासण्या होऊनही हे आधी कुणाला दिसलं कसं नाही?
— एक वाचक, पोहरादेवी (ता. मानोरा, जि. वाशीम)

उत्तर : लघवीत डॉक्टर एक प्रथिन शोधत आहेत. आजार असलाच तर ते हाडांतल्या मगजात तयार होतं, तिथून रक्तात उतरतं आणि आकाराने लहान असल्यामुळे मूत्रपिंडातून गळून लघवीत येतं. मणका दुखणं आणि लघवीत हे प्रथिन सापडणं, दोन्ही एकाच जागेहून सुरू होतं.

मगजात प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं त्या बनवतात. निरोगी माणसाच्या मगजात त्या थोड्याच असतात आणि त्यांचे असंख्य गट असतात. प्रत्येक गटाचं प्रतिपिंड वेगळं. रामनवमीला तुमच्या पोहरादेवीत जमणाऱ्या गर्दीसारखंच हे आहे. कुणी तेलंगणातल्या तांड्यावरचं, कुणी कर्नाटकातलं, कुणी मराठवाड्यातलं. सगळी गर्दी एकाच तांड्याची कधीच नसते. मायलोमात मात्र एकाच पेशीचा वंश बेसुमार वाढतो आणि तो सगळा वंश एकच प्रथिन, अगदी हुबेहूब, बनवत राहतो. त्याला एम-प्रोटीन म्हणतात. कित्येकदा या पेशी प्रतिपिंडाचा एक सुटा तुकडाही भरमसाट बनवतात. तो तुकडा म्हणजे लाइट चेन. लघवीत शोधतात ती हीच.

याडीच्या बाकीच्या तक्रारीही याच पेशींमुळे असू शकतात. आपलं हाड रोज थोडं पोखरलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. ही दोन कामं दोन वेगळ्या पेशी करतात. मायलोमाच्या पेशी पोखरणाऱ्यांना चेतवतात आणि भरणाऱ्यांना थोपवतात. हाडाला छिद्रं पडतात, मणका दबतो, नुसत्या खोकल्याने बरगडी मोडते. हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरतं, मग तहान फार लागते, शौचाला होत नाही, माणूस गुंगीत राहतो. मगजातली जागा अडल्यामुळे तांबड्या पेशी कमी बनतात आणि रक्त उतरतं. लाइट चेन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत साचून घट्ट होतात आणि किडनी बिघडते. चांगली प्रतिपिंडं घटतात, म्हणून न्यूमोनियासारखे आजार पुन्हा पुन्हा होतात.

हा संबंध पहिल्यांदा लक्षात आला तोसुद्धा लघवीवरूनच. १८४४ मध्ये टॉमस मॅकबीन नावाच्या लंडनच्या किराणा व्यापाऱ्याच्या छातीत सहलीवर असताना काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मग दुखणं थांबेना. विल्यम मॅकिंटायर आणि टॉमस वॉटसन हे डॉक्टर त्याला पाहत होते. त्याच्या लघवीत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. तापवली की ती गढूळ व्हायची, आणखी तापवली की निवळायची आणि गार होताना पुन्हा गढूळ व्हायची. नेहमीचं प्रथिन एकदा साकळलं की पुन्हा विरघळत नाही. १ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांनी नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरकडे पाठवला. रुग्ण १८४६ च्या जानेवारीत गेला. शवविच्छेदनात त्याची हाडं मऊ आणि ठिसूळ झालेली आढळली. त्या प्रथिनाला आजही बेन्स जोन्स प्रथिन म्हणतात. तुमच्या प्रयोगशाळेच्या कागदावरही हे नाव छापलेलं दिसेल. ते म्हणजे प्रतिपिंडाची लाइट चेन आहे, हे सिद्ध व्हायला मात्र १९६२ उजाडलं. जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी ते दाखवलं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तिने पुष्कळ घरांची फसगत केली आहे. तालुक्याच्या लॅबमध्ये लघवीत पट्टी बुडवून प्रथिन पाहतात. ती पट्टी अल्ब्युमिन नावाचं प्रथिन ओळखते, लाइट चेन तिला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे याडीच्या जुन्या कागदावर लघवीत प्रथिन नाही किंवा नाममात्र आहे असं लिहिलेलं असेल, तर तो कागद खोटा नाही, पण या आजाराबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणूनच चोवीस तासांची लघवी मागितली आहे. ती गोळा करताना सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळात वेळ लिहून ठेवायची, मग दिवसभराची आणि रात्रीची सगळी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची सकाळची लघवीसुद्धा, लॅबने दिलेल्या कॅनमध्ये घालायची. मधली एक वेळ चुकली तरी हिशेब बिघडतो. तसं झालं तर लपवू नका, पुन्हा गोळा करा.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दिसलं कसं नाही? तर दिसलं होतं, पण तुकड्या-तुकड्याने. पाठीचा एक्स-रे एका डॉक्टरकडे, रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याकडे, किडनीचा तिसऱ्याकडे. प्रत्येक कागदाला आपल्याकडे एक तयार उत्तर असतं. पाठ दुखते तर झीज. बाईमाणसाचं रक्त कमी तर लोहाची कमतरता. किडनी बिघडली तर वेदनाशामक गोळ्यांमुळे. ही उत्तरं दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत बरोबरच असतात, म्हणून दहाव्याची गफलत होते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही समजू नका. ब्रिटनमध्ये २४ प्रकारच्या कॅन्सरांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञाकडे पाठवलं जाण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे तीन किंवा जास्त खेपा घालाव्या लागलेल्यांचं प्रमाण मायलोमात सगळ्यात जास्त निघालं, जवळजवळ निम्मं. आपल्याकडे अभिनेत्री आणि तेव्हाच्या चंडीगडच्या खासदार किरण खेर यांचा डावा हात नोव्हेंबर २०२० मध्ये घरी पडल्यामुळे मोडला. त्यानंतरच्या तपासण्यांत मायलोमा निघाला आणि उपचार मुंबईत झाले. बिहारच्या लोकगायिका शारदा सिन्हा यांनाही हाच आजार होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

तरीही शंका लवकर यावी यासाठी महागडं यंत्र लागत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. याडीचंच उदाहरण घेऊ. ५८ व्या वर्षी पाळी गेलेली असते. मग हिमोग्लोबिन ७.८ का? लोहाची कमतरता असेल तर तांबड्या पेशी सहसा लहान होतात. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही नावाची एक ओळ असते, साधारण ८० ते १०० च्या दरम्यानची. तो आकडा ठीक असेल आणि लोहाच्या गोळ्या महिना-दोन महिने नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर पुन्हा त्याच गोळ्या लिहून देणं हे उत्तर नव्हे. पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी असणं हे कधीच "चालायचंच" या सदरात टाकू नये. आपल्या तांड्यांवर आणि वाड्यांवर ते सर्रास टाकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा कागद लिव्हरच्या तपासणीचा. त्यात एकूण प्रथिन आणि अल्ब्युमिन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा करा. उरतं ते ग्लोब्युलिन. ते साधारण २ ते ३.५ असतं. समजा एकूण १०.२ आणि अल्ब्युमिन ३ असेल, तर ग्लोब्युलिन ७.२ झालं. हा आकडा पाहून कोणताही डॉक्टर थबकला पाहिजे. लिव्हरच्या जुन्या आजारात किंवा दीर्घ संसर्गातही ते वाढतं, पण पाठदुखी आणि कमी रक्त यांच्या जोडीला वाढलं असेल तर मायलोमा तपासायलाच हवा. ईएसआर १०० च्या वर असणं हीसुद्धा अशीच खूण. घरी जा आणि याडीची सगळी जुनी कागदं तारखेप्रमाणे लावा. नागपूरच्या डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळेल.

एक्स-रेचं म्हणाल तर हाडातलं खनिज तीस टक्क्यांहून अधिक घटल्याशिवाय साध्या एक्स-रेत छिद्र नीट दिसत नाही. म्हणजे "एक्स-रे नॉर्मल" हा दिलासा अपुरा आहे. मणका दबलेला दिसला तर बाईच्या बाबतीत लगेच ठिसूळपणा म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असेल तर त्या घातक ठरतात. आणखी एक चकवा बोन स्कॅनचा. तो स्कॅन हाड भरून काढणाऱ्या पेशींचं काम दाखवतो आणि मायलोमात नेमकं तेच काम बंद पडलेलं असतं, म्हणून तो अनेकदा कोरा येतो. यासाठी आता कमी किरणांचा पूर्ण शरीराचा सीटी, पेट-सीटी किंवा एमआरआय करतात.

आपल्या भागात आणखी दोन आजार वाटेत आडवे येतात. एक मणक्याचा टीबी. टीबी बहुधा शेजारचे दोन मणके आणि त्यांमधली चकती धरतो, ताप आणि रात्रीचा घाम आणतो. मायलोमा चकतीला सहसा सोडून देतो. पण फक्त चित्रावरून पैज लावू नये. तुकडा न तपासता टीबीची औषधं सुरू केली आणि आजार मायलोमा निघाला, तर मोलाचे महिने हातचे जातात. दुसरा सिकलसेल. हाडं दुखतात आणि रक्त कमी, असं म्हटलं की विदर्भात तो आठवणारच आणि आठवलाच पाहिजे. पण तो जन्मापासूनचा असतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाठ धरत नाही. यातून एक घोटाळा होतो. सिकलसेलसाठीही इलेक्ट्रोफोरेसिसच करतात, पण तो हिमोग्लोबिनचा. याडीला हवा आहे तो रक्तातल्या प्रथिनांचा, म्हणजे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. लॅबच्या काउंटरवर चिठ्ठी दाखवून हे पूर्ण नाव पावतीवर लिहिलं आहे ना, ते बघा. चुकीची तपासणी होऊन पैसेही जातात आणि "नॉर्मल" असा कागद हाती पडतो.

या तपासणीत प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगळी करतात. नेहमीच्या प्रतिपिंडांचा आलेख पसरट, बुटका येतो. एकाच प्रकारचं प्रथिन साठलं असेल तर अरुंद, उंच सुळका येतो. त्याला एम-स्पाइक म्हणतात. मग इम्युनोफिक्सेशनने तो सुळका कोणत्या जातीचा आहे ते ठरतं. मात्र शंभरातल्या १५ ते २० रुग्णांमध्ये या पेशी फक्त लाइट चेन बनवतात, पूर्ण प्रतिपिंड बनवतच नाहीत. त्यांच्या रक्तात सुळका दिसेलच असं नाही. म्हणून लघवीच्या जोडीला रक्तातल्या सुट्या लाइट चेनची तपासणीही करतात. कप्पा आणि लॅम्डा अशा तिच्या दोन जाती. त्यांचं गुणोत्तर साधारण ०.२६ ते १.६५ असतं, किडनी बिघडलेली असेल तर थोडं वर गेलेलं चालतं. रक्त जवळच्या गावी देऊन नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्यासाठी याडीला दर वेळी नागपूरपर्यंत नेण्याची गरज नाही. डॉक्टरांना तसं विचारा.

सुळका आला म्हणजे कॅन्सर ठरला असंही नाही. अमेरिकेत झालेल्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या शंभर माणसांपैकी साधारण तिघांच्या रक्तात असं थोडं एम-प्रोटीन आढळलं. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. दर वर्षी शंभरात सुमारे एकाचंच पुढे मायलोमात किंवा त्याच्या भावकीतल्या आजारात रूपांतर होतं. म्हणूनच मगज तपासणं अटळ आहे. २०१४ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे मगजात अशा एकाच वंशाच्या प्लाझ्मा पेशी १० टक्के किंवा जास्त हव्यात, किंवा तुकडा तपासून त्यांची गाठ तरी सिद्ध व्हायला हवी. शिवाय शरीराचं नुकसान दिसायला हवं. कॅल्शियम ११ च्या वर, क्रिएटिनिन २ च्या वर, हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा हाडात ५ मिलिमीटरचं तरी छिद्र, यांतलं एक पुरतं. फक्त ते दुसऱ्या कारणाने झालेलं नसावं. पेशी ६० टक्क्यांवर गेल्या असतील किंवा लाइट चेनचं गुणोत्तर शंभरावर असेल, किंवा एमआरआयमध्ये एकाहून अधिक ठिकाणी रोग दिसत असेल, तर नुकसानाची वाट न बघता मायलोमा धरून उपचार सुरू करतात.

मगजाच्या तपासणीला लोक फार भितात, कारण "पाठीच्या कण्यातून पाणी काढतात, मग माणूस लुळा पडतो" असं कानावर आलेलं असतं. ही तपासणी कण्यात होतच नाही. कमरेच्या मागे, खाली, दोन्ही बाजूंना जे रुंद हाड हाताला लागतं, त्यात जागा बधिर करून सुई घालतात. मगज ओढताना क्षणभर जोराची कळ येते, दोन-तीन दिवस ती जागा दुखते. याडीला हे आधीच तिच्या भाषेत समजावून सांगा. त्याच नमुन्यावर गुणसूत्रांची तपासणीही करून घ्यावी. आजार किती चिवट आहे ते तिच्यावरून कळतं.

निदान होईपर्यंत काही गोष्टी मात्र आजपासून पाळाच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक सुया-गोळ्या पूर्ण बंद. मायलोमात त्या किडनी झपाट्याने बिघडवतात. दुखण्यावर कोणतं औषध चालेल ते नागपूरच्या डॉक्टरांनाच फोन करून विचारा. त्यांनी मनाई केली नसेल तर पाणी भरपूर द्या. सीटीसाठी रंगद्रव्याची सुई देणार असतील तर किडनीचा रिपोर्ट आधी दाखवा. पाठीला जोराची मालिश, पाय देऊन चेपणं, हाडवैद्याकडून मणका बसवून घेणं अजिबात नको. पोखरलेला मणका त्याने खचतो. याडीने हंडा-कळशी उचलायची नाही. आणि पाय जड वाटू लागले, चालताना लटपटले, कमरेखाली मुंग्या किंवा बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर सकाळची वाट न बघता गाडी करून मोठ्या रुग्णालयात न्या. मज्जारज्जू दाबला जाण्याची ती लक्षणं आहेत. अशा वेळी तासांचा हिशेब असतो.

उपचारांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. हा आजार सहसा मुळासकट जात नाही, तरी वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवता येतो. बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड ही मुख्य औषधं आता भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे त्यांच्या किमती पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरल्या आहेत. प्रकृती साथ देत असेल तर नंतर स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात. बिघडलेली किडनीसुद्धा औषध लवकर सुरू झालं तर अनेकांची बरीचशी सुधारते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून मायलोमाची कोणती औषधं त्या रुग्णालयात योजनेतून मिळतील ते विचारा, आणि निदानाच्या तपासण्यांसाठी खिशातून काही खर्च करावा लागेल हे धरून चाला.

शेवटी तुमच्याबद्दल. हा आजार एकत्र जेवल्याने, सेवा केल्याने होत नाही. जवळच्या नात्यात असेल तर धोका किंचित वाढतो, पण तो मुळातच इतका कमी आहे की तुम्हा भावंडांनी काही त्रास नसताना इलेक्ट्रोफोरेसिस करत बसण्याचं कारण नाही. कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत हा आजार थोडा जास्त आढळतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे. याडीला फवारणीमुळेच झाला, असं मात्र कुणालाही सांगता येणार नाही. भारतातले रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी, पंचावन्न-साठीच्या आसपासच आढळतात. तेव्हा तुमच्या तांड्यावर त्या वयाच्या कुणाची पाठ महिना-दीड महिना हटत नसेल, विशेषतः रात्री आडवं पडल्यावरही दुखत असेल, तर सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि एकूण प्रथिन-अल्ब्युमिन एवढ्या तपासण्या एकाच दिवशी करून घ्या आणि सगळे कागद एकाच डॉक्टरपुढे ठेवा.